स्क्रीनभर डॉलर

संपादक मंडळातल्या पोरांनी "सर, काहीतरी टेक्निकल द्या, पण झोप येणार नाही असं" अशी अट घालून लेख मागितला. मी याच कॉलेजचा, 2010 च्या बॅचचा. तेव्हा आमच्या प्रोजेक्टच्या वेळी एका सेकंडहँड सर्व्हर मदरबोर्डने आम्हाला तीन आठवडे नाचवलं होतं, त्याची ही गोष्ट. गोष्टीच्या मिषाने व्हिडिओ मेमरीचा धडाही होईल. वायवाला विचारतात, तेव्हा वाचून ठेवा.

जानेवारी 2010. आपली महानगरपालिका होऊन जेमतेम सहा महिने झाले होते, पालघर जिल्हा व्हायला अजून साडेचार वर्षं होती, आणि लोडशेडिंग घड्याळ लावून यायचं. आम्ही चौघे : नायगाववाला, विरारवाला, निर्मळवाला आणि मी. (नावं लिहिली तर तिघंही फोन करून शिव्या देतील.) प्रोजेक्टला दोन प्रोसेसरचं मशीन हवं होतं. नवीन घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून लॅमिंग्टन रोडला जाऊन एक 2004 च्या आसपासचा दोन झिऑन प्रोसेसरवाला बोर्ड उचलला. प्रोसेसर, कूलर आणि चार रॅमच्या पट्ट्यांसकट 5200 रुपये. माणशी 1300.

यातले निर्मळवाल्याचे 1300 कुठून आले ते आम्हाला नंतर कळलं. त्याच्या घरी वाडी आहे. मोगरा, चाफा. आई पहाटेच्या गाडीने दादरला फुलं घेऊन जायची. त्या पैशातले ते 1300. तो स्वतः हे कधी बोलला नाही, विरारवाल्याने सांगितलं.

सर्व्हरचा बोर्ड म्हणजे साध्या पीसीच्या बोर्डापेक्षा बराच मोठा, बारा इंच बाय तेरा इंच. तो ग्रँट रोडहून विरार लोकलमध्ये संध्याकाळी आणणे हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. नायगाववाल्याने तो छातीशी बाळासारखा धरला होता आणि बोरिवलीपर्यंत "दादा, जरा सांभाळून" एवढंच म्हणत होता.

घरी आणून जोडला. पंखे विमानासारखे सुरू झाले, एक छोटा बीप आला, आम्ही टाळ्या पिटल्या. आणि मॉनिटरवर उमटले डॉलर. वरपासून खालपर्यंत, ओळीमागून ओळ, $$$$$$. मधेमधे काही अक्षरं, पण वाचता येईनात. विरारवाला म्हणाला, "चला, 5200 चे डॉलर मिळाले." पुढचे तीन आठवडे हा जोक आम्हाला रोज ऐकावा लागला.

दुकानदाराला फोन केला. "शेठ, डिस्प्ले खराब है." तिकडून उत्तर, "चेक करके लिया था ना? बायोस उड गया होगा, चारसौ दो, मार देता हूँ." मारून घ्यायला आम्ही जवळजवळ निघालो होतो. निर्मळवाल्याने अडवलं. "आधी कळू दे तरी काय झालंय. चारशे रुपये अजून कशाला?"

आता इथे थांबून थोडा विचार करा, कारण आम्हीही इथेच पहिल्यांदा विचार केला. स्क्रीन "खराब" दिसते याचे खूप प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा पत्ता वेगळा. मॉनिटरच्या पंधरा पिनांच्या केबलमधून जातं काय? लाल, हिरवा, निळा असे तीन अॅनालॉग सिग्नल आणि आडवा-उभा सिंक. बस. केबलला 'ए' हे अक्षर माहीतच नसतं. तिची पिन तुटली तर रंग जाईल, स्क्रीन पिवळट किंवा जांभळट दिसेल. सिंक बिघडला तर चित्र फिरेल, फाटेल. पण एका अक्षराच्या जागी दुसरं स्वच्छ, कोरीव अक्षर ती कधीच काढणार नाही. आमचे डॉलर अगदी कोरीव होते. म्हणजे मॉनिटर आणि केबल निर्दोष. (तरी आम्ही दोन मॉनिटर बदलून पाहिले. एक सायबर कॅफेतून रिक्षाने आणला. उगाच 60 रुपये.)

मेन रॅम? सर्व्हरच्या रॅमला ईसीसी असतं, एका बिटची चूक ती स्वतःच दुरुस्त करते. शिवाय पट्ट्या अदलून-बदलून लावल्या तरी डॉलर तिथेच. बायोस उडालाय म्हणावं तर मशीन बीप देत होतं, फ्लॉपी वाचत होतं, नमलॉकचा दिवा लागत होता. ज्याचं डोकं फिरलंय तो इतका शहाण्यासारखा वागत नाही.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दुसरं ग्राफिक्स कार्ड लावून बघणे. लॅबमधून एक जुनं पीसीआय कार्ड मागून आणलं. ते बसेना! बोर्डवरचे स्लॉट पीसीआय-एक्स जातीचे, म्हणजे 3.3 व्होल्टचे, आणि आमचं कार्ड फक्त 5 व्होल्टवालं. खाच वेगळ्या जागी असते, मुद्दाम, चुकीचं कार्ड जाऊ नये म्हणून. दोन्ही खाचांचं कार्ड असतं तर चाललं असतं, ते काही मिळालं नाही. एजीपी तर सर्व्हरवर नव्हतंच.

मग निर्मळवाल्याने जर्नलच्या कोऱ्या पानावर स्क्रीन जशीच्या तशी उतरवून काढायला घेतली. आम्ही हसलो. तो डॉलरसुद्धा मोजून लिहीत होता. तासाभराने म्हणाला, "इकडे ये. रॅम किती आहे आपली?" 512 च्या चार पट्ट्या, म्हणजे 2048. त्याने बोट ठेवलं. स्क्रीनवर त्या जागी होतं : 644<

2 चा 6 झाला. 0 चा 4 झाला. 4 मात्र 4 च राहिला. आणि 8 चा '<' झाला.

मित्रांनो, तुमच्याकडे आस्की टेबल असेल तर काढा. 0 चा कोड 48, 4 चा 52. फरक चार. 2 चा 50, 6 चा 54. फरक चार. 8 चा 56, '<' चा 60. परत चार. आणि रिकामी जागा, स्पेस? तिचा कोड 32. त्यात चार मिळवा, 36. 36 म्हणजे डॉलर! स्क्रीनवर बहुतेक जागा रिकामीच असते, म्हणून बहुतेक स्क्रीन डॉलरची.

मी लगेच जाहीर केलं की प्रत्येक कोडमध्ये चार मिळवले जातायत. निर्मळवाला म्हणाला, "मग 4 चा 8 का नाही झाला?" इथे खरी मेख आहे. 52 म्हणजे 32 अधिक 16 अधिक 4. त्यात चारचा बिट आधीपासूनच 1 आहे. हे मिळवणं नाहीच, हे 'ऑर' आहे. चारच्या जागेचा बिट कोणीतरी कायमचा 1 करून ठेवलाय. ज्याचा आधीच 1 आहे त्याला फरक पडत नाही, ज्याचा 0 आहे त्याच्या कोडमध्ये चारची भर पडते. मग बाकीची अक्षरं पटापट लागली. इंग्रजी 'आर' चा 'व्ही', 'एस' चा 'डब्ल्यू', 'ए' चा 'ई', आणि 'एल', 'एम', 'टी' जसेच्या तसे. वहीतल्या पानावरून आम्ही बायोसचा सगळा मजकूर वाचून काढला.

थोडं अवांतर. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना आपल्या सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुटका तुकडा सापडला. थोडीशीच अक्षरं. पण तोच लेख गिरनार वगैरे ठिकाणी जवळजवळ पूर्ण आहे, म्हणून हा तुकडा कशाचा ते ओळखता आलं. आमचंही तेच. 2048 यायला हवं हे ठाऊक नसतं तर 644< बघत बसलो असतो.

आता हा बिट राहतो कुठे? टेक्स्ट मोडमध्ये 80 कॉलम आणि 25 ओळी, म्हणजे 2000 घरं. प्रत्येक घराला व्हिडिओ मेमरीत दोन बाइट. पहिल्यात अक्षराचा कोड, दुसऱ्यात रंग : खालचे चार बिट अक्षराचा रंग, मग तीन पार्श्वभूमीचा, आणि सगळ्यात वरचा लुकलुकण्याचा. अक्षरांचे आकार, म्हणजे फॉन्ट, त्याच मेमरीच्या तिसऱ्या थरात ठेवलेले असतात. आयबीएमने 1987 साली व्हीजीए आणलं तेव्हापासून ही मांडणी चालत आली. यावरून निदान करता येतं. प्रत्येक 'ए' एकाच पद्धतीने मोडका दिसला तर फॉन्टचा थर बिघडलाय. अक्षरं बरोबर पण रंग भलते, किंवा अर्धी स्क्रीन उगाच लुकलुकतेय, तर रंगाचा बाइट. आकार स्वच्छ, रंग बरोबर, पण अक्षरच दुसरं, तर कोडचा बाइट. आणि तोच तोच मजकूर दोन-दोनदा उमटला तर डेटाची नाही, पत्त्याची रेघ तपासा.

पण एक गोष्ट पटत नव्हती. नॉपिक्सची लिनक्स सीडी घातली की सुरुवातीला डॉलर, आणि डेस्कटॉप आला की सगळं लख्ख! मेमरी बिघडलीय तर डेस्कटॉप चांगला कसा? दोन दिवस यावर वाद झाला. त्या काळी सर्व्हर बोर्डांवर एटीआयची रेज एक्सएल किंवा तशीच एखादी साधी ग्राफिक्स चिप असायची आणि शेजारी 8 एमबीची एक मेमरी चिप, 32 डेटा रेघांची. टेक्स्ट मोडमध्ये त्यातल्या पहिल्या आठ रेघांवर अक्षराचा कोड जातो. 32 बिट रंगाच्या डेस्कटॉपवर त्याच आठ रेघांवर प्रत्येक ठिपक्याचा निळा रंग जातो. तिथे चारचा बिट अडकला म्हणजे निळा रंग 255 पैकी फार तर 4 ने जास्त. कोणाच्या बापाला दिसणार? खात्री करायला आम्ही रंग 16 बिटवर आणले. तिथे एका रेघेची किंमत वाढते, 31 पैकी 4. काळ्या पार्श्वभूमीवर एक सोडून एक अशा बारीक निळसर उभ्या रेघा दिसल्या. वाद मिटला.

तरीही पुरावा हवा. टर्बो सी मध्ये दहा-पंधरा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला : दोन हजार घरांत अक्षराच्या जागी 0 लिहायचा, परत वाचायचा, कुठला बिट 1 आला ते बघायचं. पण उत्तर छापणार कुठे? स्क्रीनवरच तर भरवसा नाही. म्हणून उत्तर बीपने द्यायला लावलं. आठ बिटांना आठ बीप, बरोबर असेल तर छोटा, चुकला तर लांब. फ्लॉपी घातली. टुक, टुक, टूऽऽऽ, टुक, टुक, टुक, टुक, टुक. तिसरा. एक, दोन, चार यातला चारवाला. स्क्रीनवर तेव्हा पत्त्यातली चौकट भरून आली होती, कारण 0 चा 4 झाला आणि कोड 4 ला तेच चित्र आहे. रंगाच्या बाइटवर तोच प्रयोग केला, आठही बीप छोटे.

म्हणजे 32 पैकी एक रेघ तुटलीय. बघायचं कुठे? ग्राफिक्स चिपचे पाय पोटाखाली गोळ्यांच्या रूपात, तिथे हात पोचत नाही. मेमरी चिपचे मात्र बाहेर दिसतात, 86 पाय, दोन पायांत अर्धा मिलिमीटर. डेटाशीटमध्ये बघून थेट पाय शोधू असं मला वाटलं होतं, पण त्यात फसगत होते. मेमरीला कुठला बिट तिसरा नि कुठला पाचवा याच्याशी देणंघेणं नसतं. जे ठेवलं तेच परत दिलं की तिचं काम झालं. त्यामुळे बोर्ड आखणारे सोयीप्रमाणे रेघा आपसात बदलतात.

निर्मळवाल्याने घड्याळजीकडून भिंग आणलं. एका कोपऱ्यात पायांवर हिरवट थर होता, कधीतरी काहीतरी सांडलेलं असणार. मशीन चालू ठेवून दात कोरायच्या लाकडी काडीने एकेक पाय हलकेच दाबायचा असं ठरलं. (लाकडीच काडी, धातूची नाही. आणि पॉवर सप्लायच्या डब्यात बोट घालू नका, तिथे 230 व्होल्ट असतात.) एक बारकावा : नुसता पाय दाबून स्क्रीन सुधारत नाही, कारण आधी चुकीचं लिहून ठेवलेलं तसंच राहतं. म्हणून प्रोग्रॅम असा केला की तो सतत सगळीकडे स्पेस लिहीत राहील. कितव्या पायाला ते आता आठवत नाही, पण काडी टेकली आणि अख्खी स्क्रीन रिकामी झाली. काडी उचलली, डॉलर परत. टेकली, गायब. कोऱ्या स्क्रीनचा इतका आनंद मला परत कधी झाला नाही.

आता डाग द्यायचा फक्त. सोल्डरिंग मी करणार असं मीच ठरवलं, कारण लॅबमध्ये माझे सर्किट बोर्ड बरे यायचे. निर्मळवाला म्हणाला होता, "तुझं टोक जाडं आहे रे." मी ऐकलं नाही. दुपारी लाइट जायच्या आत उरकायचं म्हणून घाई केली. डाग दिला, मशीन चालू केलं, डॉलर गेले! आम्ही तिघे ओरडलो. निर्मळवाला स्क्रीनकडे बघत उभा. म्हणाला, "2008 कुठून आलं?"

2048 च्या जागी 2008. 'ई' च्या जागी 'ए', 'टी' च्या जागी 'पी'. आधी बिट 1 ला अडकला होता, आता 0 ला. माझ्या जाड टोकाने तो पाय शेजारच्या ग्राउंडच्या पायाला चिकटवला होता. स्पेसमध्ये चारचा बिट नसतोच, म्हणून डॉलर गेले आणि आम्ही नाचलो. मी प्लग खेचला. ग्राफिक्स चिप त्या रेघेवर 1 काढायला गेली की तिचा करंट थेट ग्राउंडमध्ये, आतला ट्रान्झिस्टर कधीही जळू शकतो. किती सेकंद चालू होतं? वीस? तीस? कोणी काही बोलेना. मला सारखे ते 1300 आठवत होते. निर्मळवाला एवढंच म्हणाला, "राहू दे, उद्या बघू," आणि सायकल काढून घरी गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही हे लिहायला आज लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी विरारवाल्याच्या ओळखीच्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे बोर्ड नेला. स्टेशनजवळची चार फुटांची टपरी, बोर्ड काउंटरपेक्षा मोठा. आम्ही आस्की, बिट, प्लेन वगैरे सगळं सांगायला लागलो. दादा म्हणाला, "कुठला पाय ते बोल." दाखवला. त्याने फ्लक्स लावला, तांब्याची जाळीची वात ठेवून जास्तीचं सोल्डर ओढून घेतलं, ब्रशने आयपीएने हिरवं धुतलं, आणि सुईसारख्या टोकाने त्या पायाला आणि शेजारच्या दोघांना परत डाग दिला. चार मिनिटं. पन्नास रुपये. आम्हाला तीन आठवडे लागले होते तो पाय शोधायला, आणि त्याचे माणशी साडेबारा रुपये पडले.

घरी येऊन प्लग लावला तेव्हा बटण निर्मळवाल्याने दाबलं. 2048. टेक्स्ट साफ. फ्लॉपीवरचा प्रोग्रॅम : आठही बीप छोटे.

आता तुमच्यासाठी थोडं. हल्ली जुन्या बाजारात जे सर्व्हर बोर्ड मिळतात त्यांच्यावर बहुधा एस्पीडची एएसटी 2300, 2400, 2500 अशी चिप असते. तीच ग्राफिक्स, तीच देखरेखीचा कंट्रोलर, आणि व्हिडिओ मेमरी त्या कंट्रोलरच्याच रॅममधून कापलेली. म्हणजे तिथे मेमरी बिघडली तर कंट्रोलरही गचके खातो. पण एक सोय झालीय : नेटवर्कवरून त्याच स्क्रीनचं चित्र दुसऱ्या मशीनवर बघता येतं. तिथे साफ आणि मॉनिटरवर घाण, तर केबल, पिन किंवा अॅनालॉग भाग बघा. दोन्हीकडे सारखीच घाण, तर मेमरी. सिरियल पोर्टवरच्या कन्सोलमध्ये कचरा दिसला तर हार्डवेअरच्या नावाने रडायच्या आधी दोन्ही टोकांचा बॉड रेट आणि टर्मिनलचा प्रकार जुळतोय का ते पाहा, निम्म्या वेळा तेच निघतं. आणि घेताना दुकानातच मॉनिटर लावून आकडे वाचा. नुसता पंखा फिरला म्हणून पैसे देऊ नका, आम्ही दिले होते.

एप्रिलमध्ये एक्सटर्नल आले. आम्ही मशीन चालू केलं, पंखे सुरू झाले. सरांनी दोन मिनिटं स्क्रीनकडे पाहिलं, काहीतरी विचारलं, ऐकू आलं नाही. परत विचारलं. शेवटी कानाजवळ हात नेऊन ओरडले, "प्रोजेक्ट चांगलाय, पण आधी हे बंद करा!"